वखारीतली थोरली

"पापा, आपल्या घरात थोरलं मूल कोण?"

प्रश्न माझा नव्हता, माझ्या वर्गातल्या क्लेमाँसचा होता. भर जेवणात पापांना हे विचारून दाखवलंस तर माझा चांदीचा कंगवा तुझा, अशी तिने सगळ्या मुलींसमोर पैज लावली होती. या वर्षी मठाच्या शाळेच्या नाटकात मी राणी झाले होते. तेव्हापासून मला कशाचीच भीती वाटेनाशी झाली होती. म्हणून विचारलं.

पापांची सुरी टर्कीच्या मांडीत अडकली.

"हा काय प्रश्न झाला? तूच की. उद्या नव्या वर्षाचा आशीर्वाद कोण मागणार आहे? झेली?"

सहा वर्षांची झेली खिदळली. आई हसली नाही. "हेच शिकवतात वाटतं सिस्टर? सूप गार होतंय, युलाली," ती म्हणाली. पण म्हणताना तिची नजर खिडकीतून अंगणापलीकडे, वखारीकडे गेली आणि चटका बसल्यासारखी परत आली.

कंगवा जिंकला, पण मला सूप काही गेलं नाही. कारण क्लेमाँस आणखीही एक बोलली होती. "आधी आरशात बघ. मग तुमच्या वखारीतल्या पेलाजीची हनुवटी बघ. सगळ्या सेंट लुईला दिसतं गं, तुलाच तेवढं दिसत नाही."

आमच्या घराण्यात, बारिबोंच्या हनुवटीला मधोमध खळी असते. आजोबांच्या तसबिरीत ती आहे, पापांना आहे, मला आहे.

पापा पाहुण्यांना नेहमी सांगतात की हे गाव बारिबोंच्या कातड्यांच्या व्यापारावर उभं आहे. आजोबा होड्या ओढत नदीने वर आले तेव्हा इथे नुसती झाडी होती. नदीतल्या केसाळ बीव्हर प्राण्याच्या मागे बारिबो गेले, बारिबोंच्या मागे वाट गेली, आणि त्या वाटेने आता रोज अमेरिकन लोक बायकापोरं, नांगर आणि गाई घेऊन येतात. पापा त्यांना पीठ विकतात, बैल विकतात आणि हल्ली जमिनीही विकतात. या जमिनींवर आधी इथले मूळचे ओसेज लोक शिकार करायचे. ते पश्चिमेला गेले. "गेले" असंच पापा म्हणतात, जणू ते जत्रेला गेलेत.

दुपारी मी वखारीत गेले. पेलाजी टांगलेली कातडी वेताने झोडत होती. झोडलं नाही तर कसर लागते आणि अख्खा गठ्ठा भुगा होतो. मी जन्मल्यापासून तिला हेच करताना बघतेय. केसांची धूळ तिच्या पापण्यांवर बसलेली असते आणि खोकला आला की ती भिंतीकडे तोंड करते.

"बाईसाहेब वखारीत? मागे व्हा, गाऊनला वास लागेल."

"लागू दे. पेलाजी, इकडे बघ ना जरा."

तिने बघितलं. खळी होती. एवढी उघड, की मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

"कोणी सांगितलं?" तिने विचारलं.

"क्लेमाँसने."

"बरीच वाट बघायला लावलीस की," ती म्हणाली आणि पुन्हा वेत उचलला.

मी तो धरला. "तुझी आई?"

"ओसेज होती. तिच्या बापाच्या रानात मालकांना शिरकाव हवा होता. दोन घोंगड्या आणि एक बंदूक दिली, झालं लग्न. रान मिळालं. पुढे मालक गावात आले आणि त्यांनी पाद्र्यासमोर तुझ्या आईशी लग्न केलं. मग सरकारने रान मागितलं. तेव्हा सरकार आणि आमच्या लोकांच्या मध्ये बसून बोलणी करायलाही मालकच होते."

"आणि तू?"

"आईने लोकांबरोबर पश्चिमेला जाताना माझा हात त्यांच्या हातात दिला. पोरगी शिकेल, म्हणाले होते." ती हसली, त्यातून खोकला आला, आणि ती भिंतीकडे वळली. "आईने जाताना वेणी अशी घट्ट घातली होती की सोडायचा धीरच होईना मला. शेवटी उवा झाल्या, तेव्हा तुझ्या आजीने कात्रीने कापली."

तिने तोंड पुसलेला रुमाल मुठीत लपवला, पण मला लाल दिसलंच.

"डॉक्टरला बोलावते मी."

"कशाला? पुढच्या आठवड्यात तीन राजांचा सण झाला की लाफोर्जची बर्फगाडी येतेय. मला न्यायला."

लाफोर्ज म्हणजे नदीच्या वरच्या ठाण्यावर पापांसाठी कातडी गोळा करणारा माणूस. पन्नाशीचा, एका कानाचा. दुसरी कंपनी त्याला फोडतेय, हे मी जेवताना ऐकलं होतं. घरातली मुलगी दिली की माणूस फुटत नाही, हेही ऐकलं होतं. पण घरातली कोण, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

"आईने त्यांना रान मिळवून दिलं," पेलाजी म्हणाली, "मी माणूस राखून देणार."

"लग्न? चर्चमध्ये?"

"चर्चमध्ये लग्न बारिबोंच्या मुलींचं होतं. माझं नदीच्या रीतीने, पाद्रीबिद्री नाही. घोंगड्या ठरल्यात."

वरच्या ठाण्यावर लाकडंसुद्धा गोठतात. या खोकल्याला तिथला एक हिवाळा पुरे होता. ते तिलाही माहीत होतं, म्हणून ती इतकं सरळ बोलत होती.

"ताई," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

तिचा हात थांबला. "तो शब्द इथे नको. इथे सगळ्याला कसर लागते."

संध्याकाळी मुखवटेवाले आले. वर्ष संपताना गावातले पुरुष चेहरे झाकून, व्हायोलिन वाजवत दारोदार फिरतात, सणाच्या जेवणासाठी शिधा मागतात, आणि शिधा नसेल तर घरची थोरली मुलगी द्या म्हणून गातात. मग मी पुढे होते, त्यांच्यात एक गिरकी घेते, सगळे टाळ्या वाजवतात. आणि खारवलेलं मांस पोत्यात टाकायला पेलाजी दारात उभी असते. दरवर्षी तिथेच उभी असते.

त्यांनी थोरली मागितली. मी जागची हलले नाही.

त्यांनी पुन्हा गाऊन मागितली. "जा की गं," आई पुटपुटली. मी पाय आणखी घट्ट रोवले. मग एकेक मुखवटा वळला. कोणी सांगितलं नाही, कोणी खुणावलं नाही, तरी सगळे पेलाजीकडे वळले. व्हायोलिन थांबलं. त्यांच्यातला एकही चमकला नाही, हे सगळ्यांत वाईट होतं. सगळ्यांना केव्हापासूनच ठाऊक होतं.

"काय मेलात की काय रे? वाजवा!" पापा ओरडले.

पेलाजीने मांस पोत्यात ठेवलं, हात झग्याला पुसले आणि अंगण ओलांडून वखारीत गेली. तिच्या मागे दार लागल्याचा आवाज आला नाही. तिने ते हळूच लावलं असणार.

आज सकाळी बैठकीत सगळे जमले. पापा खुर्चीत, शेजारी आई, कोपऱ्यात आजी, भिंतीला टेकून दोन्ही काका. रीत अशी की थोरल्या मुलाने पुढे गुडघे टेकायचे, सगळ्या भावंडांच्या वतीने आशीर्वाद मागायचा, मग वडील हात वर करतात. थोरल्याने मागितल्याशिवाय वडिलांना देता येत नाही. झेली आधीच गुडघ्यांवर होती, गालात खडीसाखर धरून.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. धप्. धप्.

आणि मला आठवलं, हा आवाज दरवर्षी असतो. मी डोळे मिटून आशीर्वाद मागते तेव्हा अंगणापलीकडे कातडी झोडणं चालू असतं. सणाच्या दिवशी, बंद वखारीत, नेमकं याच वेळी. इतकी वर्षं मला वाटायचं, काम असेल.

"चल, युलाली," पापा म्हणाले. त्यांचा हात गुडघ्यावरून अर्धा उचललेलाही होता.

मी खिडकीशी गेले आणि ती सताड उघडली. बर्फाचा वारा आत आला, आजीने शाल ओढून घेतली. नाटकात राणीचं भाषण शेवटच्या बाकापर्यंत पोचवलं होतं मी, आता तर फक्त अंगण ओलांडायचं होतं.

"मी नाही मागणार," मी म्हणाले.

"काय नाही मागणार?"

"आशीर्वाद. तो मागायचा हक्क माझा नाही."

काकांपैकी एकजण खाकरला. आईने माझं नाव घेतलं, पण ते रागाने नव्हतं, विनवल्यासारखं होतं. पापांचा हात हवेतच राहिला होता, खाली ठेवायचा की वर न्यायचा ते त्यांना कळत नव्हतं. बाहेरचं धप् धप् थांबलं होतं, आणि हातात वेत तसाच धरून पेलाजी वखारीतून अंगणात आली होती.

"गुडघे टेक," पापा हळू आवाजात म्हणाले.

"टेकेन की. तिच्या मागे," मी म्हणाले. "ताई अंगणात उभी आहे, पापा. तिला तुम्ही आत बोलावत नाही तोवर या घरात आशीर्वाद मागायला मी गुडघे टेकणार नाही. आज नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही."