महिन्याला सहा बरण्या

बारकीने घर सोडलं तेव्हा वडील एकच वाक्य बोलले, "महिना संपायच्या आत पैशांसाठी फोन येतो की नाही, बघ." वडील इलेक्ट्रिशियन. उभा जन्म लोकांच्या घरातले फ्यूज बघण्यात गेल्यामुळे माणसाचा फ्यूज कधी उडणार हेही आपल्याला आधी कळतं, असा त्यांचा समज. बारकीही त्यांचीच लेक. नाक वर करून म्हणाली, "एक पैसा मागणार नाही." आई मध्ये पडली नाही. तिने लिंबाच्या लोणच्याच्या दोन बरण्या जुन्या टॉवेलात गुंडाळून बॅगेत घातल्या आणि म्हणाली, "भाजी जमली नाही तरी याच्याशी भात जातो."

बसने पाच तासांवरचं शहर, इमारतींचे नकाशे काढणाऱ्या कंपनीत पहिली नोकरी आणि तिसऱ्या मजल्यावर एक खोली. किराण्यासाठी बारकीने चार हजार बाजूला काढले, पाकिटावर ठळक अक्षरांत 'किराणा' लिहिलं आणि झालं आपलं बजेट, असं समजून निवांत झोपली.

पहिल्या शनिवारी बाईसाहेब सुपरमार्केटात गेल्या त्या उपाशीपोटी, आणि तिथेच घात झाला. घरात दोघी थोरल्या बहिणींची लग्नं होईपर्यंत पाच माणसांचा किराणा यायचा, तोच हिशेब डोक्यात. तांदूळ दहा किलो, कोथिंबिरीच्या तीन जुड्या, जन्मात न वापरलेलं ऑलिव्हचं तेल, आणि एकावर एक फुकट म्हणून मेयोनेजच्या दोन बाटल्या. मीठ राहिलंच. चौथ्या दिवशी कोथिंबीर काळी पडली. एकोणीस तारखेला पाकिटात एकशे चाळीस उरले आणि पगार एक तारखेला. तिने फोन हातात घेतला, वडिलांचा 'मी म्हटलं नव्हतं?' असा चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि फोन खाली ठेवला.

मग रोज ऑफिसच्या डब्यात भात आणि लोणचं. शेजारच्या टेबलावरच्या कॅशियरबाईंनी तीन दिवस बघितलं आणि चौथ्या दिवशी विचारलं, "रोज एवढंच?"

"डाएट चालू आहे," बारकी म्हणाली.

बाईंनी डब्यातली एक फोड उचलून तोंडात टाकली आणि त्यांचा घास थांबला. "कुणी केलं हे?"

"आईने."

"अजून आहे? बरणीचे अडीचशे देते."

दुसरी बरणी न उघडता पडून होती. ती बाईंच्या पिशवीत गेली आणि त्या संध्याकाळी बारकीने अंडी, कांदे, दूध आणि एकदाचं मीठ आणलं. चार अंडी तिने एका बैठकीत खाल्ली. आता खरं सांगायचं तर इथपर्यंत मीही तिच्याच बाजूने आहे. पोटात आग पडल्यावर माणूस दुसरं काय करणार.

रविवारी आईचा फोन आला. "लोणचं उरलंय का गं?"

"संपलं."

"दोन्ही बरण्या?"

"हो."

आईच्या आवाजात असं काही सुख उतरलं की बरणी विकल्याचं बारकीने सांगितलंच नाही. "म्हणजे नीट जेवतेस," आई म्हणाली. "मला बाई उगाच घोर लागला होता." आठवड्याभरात बसच्या ड्रायव्हरच्या हाती तीन बरण्या आल्या.

पुढचं मात्र भुकेचं नव्हतं. बारकी शिकली. बाजारात जाण्याआधी जेवायचं, यादी लिहायची, यादीबाहेरच्या वस्तूला हात लावायचा नाही, भाजी संध्याकाळी गाडी आवरायच्या वेळी घ्यायची, आणि चार हजारांची चार पाकिटं करून या आठवड्याचं सोडून बाकीची कपाटात वर ठेवायची. तिसऱ्या महिन्यात पाकिटात तीनशे उरले. तेव्हाच थांबायला हवं होतं. पण एव्हाना झेरॉक्सवाल्याला एक बरणी हवी होती, मॅनेजरसाहेबांच्या बायकोला दोन. महिन्याला सहा बरण्या जायला लागल्या. "मैत्रिणींनाही आवडतं," एवढं अर्धवट सत्य तिने आईच्या कानावर घातलं आणि स्वतःचं समाधान करून घेतलं. लोणच्याच्या पैशांतून केस कापून झाले, दोनतीन सिनेमे झाले आणि पांढरेशुभ्र, निळ्या पट्टीचे बूट आले. दर रविवारी आई विचारायची, "कडू नाही ना झालं?" आणि पिशवीतल्या सीलबंद बरण्यांकडे बघत बारकी सांगायची, "मस्त झालंय." सांगून झाल्यावर तिला कसंतरी व्हायचं. सोमवारी ऑफिसात पैसे हातात पडले की तेही जायचं.

आठव्या महिन्यात कॅशियरबाईंनी बरणी तिच्या टेबलावर आणून ठेवली. "ही परत घे. नुसतं कडू आणि खारट आहे."

बारकीने झाकण काढून फोड तोंडात टाकली. घरचं लोणचं तिने पाच महिन्यांत चाखलंही नव्हतं. जीभ कडूजहर झाली. फोडी वेड्यावाकड्या कापलेल्या, आणि प्रत्येक फोडीत बी. आई सुरीच्या टोकाने एकूण एक बी काढते, पाहुणे दारात येऊन उभे राहिले तरी तिचं ते काम सुटत नाही. हे आईच्या हातचं नव्हतं. तिने बाईंचे पैसे परत केले आणि जिन्यात जाऊन फोन लावला.

"आई, या वेळी बिया कशा राहिल्या?"

"राहिल्या का?" आई म्हणाली. "डोळे कमी झाले असतील माझे. पुढच्या वेळी बघते हं." आणि गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला.

शनिवारी न कळवता बारकी घरी पोचली. स्वयंपाकघरात वडील टेबलाशी बसले होते, चष्मा नाकावर, पुढ्यात लिंबांचा ढीग, आणि आपल्या कामाच्या टेस्टरने बिया उकरत होते. शेजारी खुर्चीत आई, उजव्या हाताला पंजापासून कोपरापर्यंत पट्टा.

"हे काय झालं?" बारकीने विचारलं.

"काही नाही गं, मनगट सुजलंय जरा."

"जरा?" वडील म्हणाले. "दीड महिना झाला. डॉक्टरांनी सांगितलंय, सुरीला हात लावायचा नाही. सारखं चिरून चिरून शीर दुखावली. मी म्हटलं, नको करूस. तर म्हणते, पोरगी तेवढ्यावर जेवते. मग मी बसलो. महिन्याला सहा बरण्या खातेस तू, बारके, मला तर तुझ्या पोटाचीच काळजी लागलीये. आमच्या पानात तर आता एक फोड येत नाही, सगळं तुझ्याकडे."

बारकी दारातच उभी होती. पुढचं वाक्य तिने सबंध प्रवासात घोळवलं होतं, आता ते कसंबसं बाहेर पडलं. "मी खात नव्हते. विकत होते."

टेस्टर थांबला. आई तिच्याकडे बघत राहिली.

"पहिल्या महिन्यात पैसे संपले," बारकी म्हणाली. "तेव्हा एक बरणी विकली. आणि मग..."

"म्हणजे उपाशी होतीस तू," आई म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "आणि मी इथे खूश होते, लेक जेवते म्हणून."

वडिलांनी चष्मा काढला. "मी बोललो ना तसं निघताना," ते खालच्या आवाजात म्हणाले. "म्हणून फोन केला नाहीस. माझंच चुकलं."

सगळं आयतं पुढ्यात आलं होतं. नुसती मान खाली घालून उभं राहायचं, की आई जवळ घेणार, वडील आणखी हळवे होणार आणि विषय कायमचा मिटणार. पहिल्या महिन्यापुरतं ते खरंही होतं. बारकीने बाहेरच्या दाराकडे बघितलं. तिने काढून ठेवलेले पांढरे बूट ती आल्या आल्या वडिलांनी उठून पेपरावर ठेवले होते, मळू नयेत म्हणून.

"पहिला महिनाच उपाशी होते," ती म्हणाली. "नंतर सगळं जमलं. नंतरचे पैसे या बुटांना गेले. सिनेमाला गेले. केस कापायला गेले."

आईने डाव्या हाताने डोळे पुसले आणि मग ती रडली नाही. वडिलांनी चष्मा परत चढवला, सुरी आणि फळी बारकीपुढे सरकवली. "सतरा लिंबं राहिलीत," ते म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

बारकी चिरत बसली. चौथ्याच लिंबाला बोट कापलं आणि रस झोंबला. तिने हूं की चूं केलं नाही. आई समोर बसून होती आणि मध्येच डाव्या हाताचं बोट फळीवर टेकवून म्हणायची, "इथे राहिली बी." संध्याकाळपर्यंत दोघींमध्ये एवढंच बोलणं झालं. लोणच्याच्या पैशांतले उरलेले बाराशे बारकीने निघताना साखरेच्या डब्याखाली ठेवले. पुढच्या शनिवारी ड्रायव्हरच्या हाती ते जसेच्या तसे परत आले, बरणीशिवाय.

ती कडू बरणी तिने फेकली नाही. रोज भाताबरोबर थोडी थोडी खाल्ली, बिया ताटाच्या कडेला काढत, दीड महिन्यात संपवली. बूट पलंगाखाली गेले. आईचा हात बरा झाला. रविवारी फोन अजून येतो आणि आई सगळं विचारते, भाजी काय केलीस, दूध नासलं नाही ना, पैसे पुरतात ना. लोणचं उरलंय का, हे मात्र तिने पुन्हा कधी विचारलं नाही.