राहीआत्याच्या किडनीला लावलेला कौल

मलकापूरला नाथाजीबुवांच्या पत्र्याच्या शेडमध्ये रविवारी पाय ठेवायला जागा नसे. मधोमध शेंदूर फासलेली देवाची शिळा. बुवा तिच्यावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायचे, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली की देवाचा होकार, डावी पडली की नकार. आमच्याकडे कौल लावल्याशिवाय विहीरही खणत नाहीत; पण किडनीसाठी कौल लावणारे पहिले बहुधा आमचे आबाच.

आबा, म्हणजे माझे वडील, माजी सुभेदार हंबीरराव. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा बहिणीनं, माझ्या राहीआत्यानं, आपली एक दिली. ऑपरेशन छान झालं. गोळ्या मात्र जन्मभर, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून आबा शेडमध्ये कौल लावायला गेले.

"आवं सुभेदार," बुवा म्हणाले, "भैन लगीन हून दुसऱ्या घरात गेली. तिची किडनी सासरच्या देवाची. तुमचं रगात तिला वळखंल कसं?"

गर्दीनं माना डोलावल्या. किडनीला सासर असतं, हे आमच्या दहावीच्या पुस्तकात छापायचं राहून गेलेलं दिसतंय.

देव ही किडनी पदरात घेईल का, असा कौल लावला. उजवी पाकळी पडली. शेडभर चांगभलं झालं. देवानं किडनी पदरात घेतली, असं बुवांनी जाहीर केलं. आता गोळ्या खाणं म्हणजे देवावर अविश्वास.

आबांनी गोळ्या सोडल्या. आत्या येऊन भांडली, तर म्हणाले, देवानं व्हय म्हटलंय, तू मधी पडू नगंस. काही दिवस ते ठणठणीत होते, उसाला पाणी पाजून यायचे. शेडमध्ये त्यांचा दाखला दिला जाऊ लागला. मग पाय सुजले, लघवी आटली, ताप चढला, आणि आम्ही सांगलीच्या दवाखान्यात आलो.

डॉ. विनोदिनी आपटे आबांच्या खाटेशी बसल्या. म्हणाल्या, किडनी काढताना, बर्फात ठेवताना, जोडताना तिला इजा होतेच. शरीराच्या वेशीवर पहारेकरी पेशी असतात. त्यांना बहीण कळत नाही, गोत्र कळत नाही. इजा दिसली की त्या शिट्टी मारतात. ती ऐकून मागची पलटण येते, ओळख तपासते, परकं दिसलं की तुटून पडते. गोळ्या त्या पलटणीला थोपवून धरतात.

"पर मला बरं वाटत हुतं की," आबा म्हणाले.

"हल्ला आतून चालू होता, सुभेदार. किडनी आधी ओरडत नाही. एखादं शरीर परक्या अवयवाला कायमचं सामावून घेतं, क्वचित. पण कुणाचं, कधी, हे आम्हालाही अजून सांगता येत नाही."

किडनी गेली होती. मला रडू आलं नाही. मी खिडकीतून खालच्या सायकली बघत राहिले.

पुढच्या रविवारी मी मलकापूरला जाऊन शेडमधल्या रांगेत बसले. मनातला प्रश्न विचारते म्हटलं, बुवांनी परवानगी दिली. उजवी पाकळी टपकन पडली.

"देवानं व्हय म्हटलं, पोरी. काय इचारलं हुतंस?"

"बुवा लबाड आहेत का, असं विचारलं."

कुणीतरी फिसकन हसलं. मी पुढे होऊन डावी पाकळी ओढली. तिच्यामागे डिंकाची तार आली, वहीला कव्हर घालताना बोटांना येते तशी. उजवी नुसत्या पाण्यानं लावलेली. समईच्या धगीनं पाणी सुकलं की ती पडणारच. बुवा देवाच्या कोपाचं काहीबाही बोलू लागले, पण लोक पुढे येऊन शिळेला बोट लावून बघत होते. मला आनंद व्हायला हवा होता. काहीच झालं नाही.

दवाखान्यात परतले तेव्हा आबा डायलिसिसवर होते. मी डिंकाचं सांगितलं. तसे ते पायाशी बसलेल्या आत्याला म्हणाले, "राहे, तुझी जखम दुखती का गं अजून?"

"न्हाई," आत्या म्हणाली. "पर दादा, माझ्याकडं आता दुसरी द्यायला न्हाई."

म्हणून सांगते. देवाला नमस्कार करा, हवं ते मागा, कोण अडवतंय? पण गोळी बंद करायची की नाही, हे पाकळीला विचारू नका. डॉक्टरांना विचारा. कळलं नाही तर पुन्हा विचारा. ते वैतागले तरी विचारा.