कुऱ्हाड एकट्याची, सुरा दोघांचा

“हातात घेऊन बघा की, काका. बघायला काय हरकत आहे?” असं म्हणत हत्यारांच्या दुकानातल्या विक्रेत्याने कुऱ्हाड काउंटरवरून मास्तरांच्या पुढ्यात सरकवली.

मास्तरांची मुलगी लगबगीने मध्ये आली. “नको, नको. राहू दे तिथंच. लांबूनच बघतो आम्ही.”

“अगं, कुऱ्हाड आहे ती, वाघ नाही,” मास्तर म्हणाले. पण उजवा हात काही त्यांनी पँटच्या खिशातून बाहेर काढला नाही.

ही खिशात हात घालून उभं राहायची सवय मास्तरांना अलीकडे लागली होती. एरवी कपड्यांच्या बाबतीत इतका काटेकोर माणूस, खिसा फुगला तर पँटची बैठक बिघडते म्हणून रुमालसुद्धा डाव्या खिशात घडी घालून ठेवणारा. पण खिशातला हात कोणाला दिसत नाही, आणि दिसला नाही की विचारतही नाही. बघणाऱ्याला उलट वाटायचं, काय ऐटीत उभे आहेत मास्तर!

शिंप्याच्या दुकानात कापड बेतून कापणारा तो मास्तर. सगळी उमर त्यांनी कात्री चालवली होती. शिवणारे आले आणि गेले, कापणारे मास्तर एकच. मग हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी हात थांबला नाही, झोप मात्र भरपूर यायला लागली. आणि एक दिवस एका गिऱ्हाइकाच्या कोटाचा खांदा कापताना कात्री खडूची रेघ सोडून भलतीकडेच गेली. मालक भला माणूस. एका शब्दाने बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मास्तर कामावर गेले तर कापायच्या टेबलाशी नवा माणूस उभा होता आणि कोपऱ्यात मास्तरांसाठी इस्त्री तापवून ठेवली होती. मालक बोलला असता तर चार शब्द उलट बोलून भांडता तरी आलं असतं. भल्या माणसाशी भांडायचं कसं?

त्या इस्त्रीनेच मास्तरांना एक आशा लावली होती. दुकानातली इस्त्री जुन्या काळची, चांगली वजनदार. तिची मूठ धरली की हात शहाण्यासारखा गप्प बसायचा. मास्तरांनी मनाशी खूणगाठ बांधून ठेवली की जड वस्तू हातात असली की हा हात वठणीवर येतो. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. आज कुऱ्हाड घ्यायला आले होते ते त्याच भरवशावर.

दर वर्षी थंडी ओसरायला लागली की बापलेक गावाबाहेरच्या तळ्याकाठी एक रात्र तंबू ठोकून राहायचे. मुलगी शाळेत होती तेव्हापासूनचा हा रिवाज. बायको कधी आली नाही. “घरात धडधाकट पलंग असताना दगडांवर झोपायला जाऊ? मला काय वेड लागलंय?” असं म्हणून ती डबा भरून द्यायची. तिथे लाकडं फोडायची, शेकोटी पेटवायची ती मास्तरांनी. यंदा माळ्यावरून जुनी कुऱ्हाड काढली तर दांडा किडून भुगा झालेला. म्हणून ही खरेदी.

पण खरं कारण निराळंच होतं. मुलगी औषधांच्या दुकानात कामाला होती. तिला दूरच्या शहरात मोठ्या इस्पितळात नोकरी चालून आली होती आणि ती होय म्हणत नव्हती, नाहीही म्हणत नव्हती. “बघू,” म्हणायची आणि मास्तरांच्या हाताकडे बघायची. मास्तरांना ते बघणं सोसत नव्हतं. या हाताने लाकूड फोडून, शेकोटी पेटवून तिला एकदा दाखवली की तिच्या जिवाला घोर राहणार नाही, ती जाईल. आपल्यापायी पोरीचं आयुष्य अडून राहू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

“आण इकडे,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी हात खिशातून काढून कुऱ्हाडीचा दांडा धरला.

हात थांबला. खरोखरच थांबला. कुऱ्हाडीचं डोकं काउंटरवर टेकलेलं होतं आणि दांडा मास्तरांच्या मुठीत इस्त्रीसारखाच निवांत होता. मास्तरांनी मुलीकडे असं बघितलं की जणू परीक्षेत पहिला नंबर आलाय. मग त्यांनी दुसरा हात लावला आणि कुऱ्हाड उचलली.

कमरेपर्यंत ठीक होतं. छातीशी आली तशी ती डुलायला लागली. खांद्याशी नेली तेव्हा तिचं डोकं एवढाले झोके घ्यायला लागलं की विक्रेता काहीतरी आठवल्यासारखा दोन पावलं मागे सरकून मागचं फडताळ आवरायला लागला. एरवी हाताची थरथर तरी लहानशी असायची, या वजनाने ती चांगली दांडगी करून दाखवली. इतके दिवस इस्त्रीचं वजन टेबल पेलत होतं, आपण नव्हे, हे मास्तरांच्या तेव्हा लक्षात आलं.

मुलीने दांडा खालून धरला आणि कुऱ्हाड काउंटरवर उतरवून ठेवली.

“बाबा, गॅसची छोटी शेगडीच नेऊ या ना. चहा तर करायचाय.”

“चहा काय घरी मिळत नाही?” मास्तरांचा आवाज चढला. मग विक्रेत्याकडे वळून ते नरमाईने म्हणाले, “दुसरं काय आहे तुमच्याकडे?”

“हा सुरा आहे ना, काका.” विक्रेत्याने काचेखालून एक लांब, जाड पाठीचा सुरा काढला. “तंबूवाले हल्ली हाच नेतात. कुऱ्हाडीसारखा उगारावा लागत नाही. पातं लाकडावर टेकवायचं आणि वरून पाठीवर सोट्याने ठोकायचं. लाकूड आपोआप उकलत जातं. एकट्यालाही जमतं, पण तुम्ही दोघं असाल तर फारच सोपं. एकाने धरायचा, दुसऱ्याने ठोकायचं.”

एकाने धरायचं, दुसऱ्याने चालवायचं. मास्तरांना आपलं टेबल आठवलं. बुळबुळीत कापड आलं की एकट्याने कापता येत नाही, समोरून कोणाला तरी कड ताणून धरावी लागते. शाळेला सुटी असली की मुलगी दुकानात यायची आणि कड धरायची. तिच्या चिमुकल्या बोटांच्या अगदी लगतून कात्री सर्रकन निघून जायची आणि ही आपली शाळेतल्या कोणाची तरी चहाडी सांगण्यात दंग. कात्रीकडे तिचं लक्षही नसायचं. मास्तरांना वाटलं, कुऱ्हाड म्हणजे एकट्याचं काम, ते आता आपलं राहिलं नाही. पण दोघांचं काम तर आपल्याला येतंच की.

“सुराच द्या,” ते म्हणाले.

घरी बायकोने सुरा बघितला आणि कपाळाला हात लावला. “एवढा? कोणावर चाल करून निघालात?” पण नंतर ती आणि मुलगी स्वयंपाकघरात बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. मास्तर बाहेर वर्तमानपत्र धरून बसले होते. वर्तमानपत्र नुसतं फडफडत होतं, वाचलं त्यातलं काही नाही.

तळ्याकाठी पोचल्यावर तंबू मुलीने उभा केला. मास्तर दोऱ्यांचं टोक धरून उभे राहिले, तेवढंच त्यांना काम. ऊन अजून होतं. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडून गेल्यामुळे लाकडं वरून भिजलेली होती. ती फोडून आतला कोरडा गाभा काढल्याशिवाय शेकोटी पेटणार नव्हती. मास्तरांना ते बरंच वाटलं. नुसत्या काटक्यांवर भागलं असतं तर सुऱ्याची गरजच उरली नसती.

काडेपेटी शोधायला म्हणून त्यांनी मुलीची पिशवी उघडली. वरतीच कापूस होता. त्याखाली पट्ट्यांची भेंडोळी, जखम धुवायच्या औषधाची बाटली, चिकटपट्टी, आणखी पट्ट्या. एखाद्या लढाईला पुरेल एवढा साठा. दर वर्षी ही पोर एक मलमाची डबी घेऊन यायची, तीही डास चावतात म्हणून. मास्तरांनी काडेपेटी घेतली आणि पिशवी होती तशी बंद केली.

“मी धरतो, तू ठोक,” ते म्हणाले.

त्यांनी एक लाकूड उभं केलं, त्यावर सुऱ्याचं पातं टेकवलं आणि मूठ दोन्ही हातांनी आवळली. पातं लाकडावर टकटक वाजायला लागलं.

मुलीने लाकडांतून निवडलेला सोटा उचलला आणि पुन्हा खाली घेतला. “बाबा, जरा घट्ट धरा ना.”

“घट्टच धरलाय.”

“हलतोय.”

“तू ठोक गं. पातं रुतलं की नाही हलायचा.”

जितकं आवळावं तितकी टकटक वाढत होती. मुलीने ओठ दाबून धरले आणि एकदाचा ठोका घातला. पातं घसरलं, लाकडाची नुसती साल काढून मास्तरांच्या गुडघ्याशेजारी मातीत घुसलं. दोघंही काही क्षण त्या मातीतल्या पात्याकडे बघत राहिली.

“बस झालं, बाबा.”

“ठोकायची रीत चुकली तुझी. तू धर. मी ठोकतो.”

 मुलीने सुरा मातीतून उपसला, पँटला पुसला, लाकडावर टेकवला आणि मूठ धरली. मास्तरांनी सोटा घेतला आणि मनातल्या मनात पात्याचं टोक हेरलं. ठोका टोकावर बसायला हवा, मुठीपासून लांब. अंतर काही फार नव्हतं. कात्रीच्या काळात त्यांनी याच्या दहाव्या हिश्श्याचं अंतर डोळे झाकून राखलं होतं. त्यांनी सोटा वर नेला. तो हवेत इकडून तिकडे भरकटायला लागला, एकदा टोकावर, एकदा मधे, एकदा थेट मुलीच्या बोटांवर. कुठल्या क्षणी खाली आणावा ते ठरवत ते थांबले आणि सहज त्यांची नजर मुलीच्या तोंडाकडे गेली.

तिने डोळे गच्च मिटून घेतले होते. मान खांद्यांत गेली होती. पण हात मात्र तिने काढला नव्हता. बोटं पांढरी पडेपर्यंत तिने मूठ धरून ठेवली होती. लागलं तर लागू दे, पण बाबांना नाही म्हणायचं नाही, असं ठरवून ती बसली होती.

 कापसाचा आणि पट्ट्यांचा तो ढीग मास्तरांसाठी नव्हताच. तो तिने स्वतःसाठी आणला होता. हातात कुऱ्हाड असती तर फार तर आपण आपलाच पाय तोडून घेतला असता. पोरीची बोटं सोट्याखाली ठेवायला लावणारं हत्यार आपण निवडून, पारखून आणलं.

त्यांनी सोटा हळूच गवतात ठेवला.

“वारा सुटलाय,” ते म्हणाले. “शेकोटी टिकायची नाही.”

झाडाचं पानही हलत नव्हतं.

“हो ना,” मुलीने डोळे उघडले. “मलाही तेच वाटत होतं.” आणि इतक्या घाईने ती उठली, इतकी मोकळी झाली, की मास्तरांना तिच्याकडे बघवेना. तंबूत जाऊन तिने आपल्या अंथरुणाच्या गुंडाळीतून गॅसची छोटी शेगडी काढली. आणलीच होती तर.

“आईने घातली,” ती म्हणाली.

“बरं केलं.”

निळी ज्योत पेटली. तिला ना धूर, ना आवाज, ना ऊब. चहा झाल्यावर मुलीने स्वतःचा कप भरला आणि मास्तरांचा अर्धाच भरून त्यांच्यापुढे धरला. मास्तरांनी दोन्ही हातांनी घेतला. अर्धा का, हे विचारण्यासारखं काही नव्हतं. तरीही थोडा सांडला आणि दोघांनीही तो सांडलेला बघितला नाही.

तळ्यावरचं ऊन उतरलं. मुलगी गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. पाण्याकडे बघत ती म्हणाली, “बाबा, मी त्यांना कळवून टाकते. नाही जमणार म्हणून.”

“कोणाला?”

“इस्पितळवाल्यांना. इथलं काय वाईट आहे? रोज संध्याकाळी घरी तर येते.”

आता बोलायला हवं होतं. वेडी आहेस का, माझं काय अडलंय, तुझी आई आहे, तू मुकाट्याने जा. शब्द सगळे तयार होते, कित्येक दिवस मास्तरांनी ते पाठ करून ठेवले होते. तेवढ्यासाठी तर हा सगळा खटाटोप. पण पोर जात नाही हे ऐकल्यावर त्यांच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. आनंद झाला त्यांना. उद्या संध्याकाळी दार वाजेल, परवाही वाजेल, असा तो आनंद होता. आणि आपल्याला आनंद झाला हे कळल्यावर त्यांना स्वतःची इतकी किळस आली की त्यांनी कप खाली ठेवून दिला.

“अगं…” ते म्हणाले.

गारठा वाढला होता. काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी जाकिटाची चेन लावायला घेतली. खालचं टोक त्या बारीकशा खोबणीत बसेना. एकदा बसल्यासारखं झालं आणि निसटलं. त्यांनी पुन्हा लावलं, पुन्हा निसटलं. मुलगी थोडा वेळ दुसरीकडे बघत राहिली. मग उठली, त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि त्यांचे दोन्ही हात अलगद बाजूला केले. एका झटक्यात टोक खोबणीत बसलं. तिने चेन पोटावरून, छातीवरून सावकाश वर आणली आणि गळ्याशी येऊन थांबली.

“मान वर करा, बाबा. कातडी अडकेल.”

जा म्हणून सांगायचं अजून राहिलंच होतं. मास्तरांनी निमूटपणे हनुवटी वर केली.