प्रार्थनेचा विषय

थोरल्या जावेचे केस धुताना धाकटीची बोटं तिच्या डाव्या कानामागे थबकली. तिथे बोटाच्या पेराएवढी खपली होती. भोवतीचे केस मुळापासून गेलेले.

"दुखतंय?"

"कपाटाचं दार लागलं," थोरली डोळे मिटूनच म्हणाली. "आणि पाणी जरा कोमट कर गं. जावेच्या डोक्यावर बर्फ ओततेस की काय!"

धाकटीने नळ फिरवला. भर दुपार होती. पार्लरची मालकीण जेवायला गेली होती आणि कोपऱ्यात बाबागाडीत धाकटीचं बाळ झोपलं होतं. सहा वर्षं ती थोरलीचे केस कापत होती, आणि सहा वर्षांत दोघींचं बोलणं सासूबाईंचे गुडघे आणि पोरांचा खोकला यांच्यापलीकडे गेलं नव्हतं.

या महिन्यात मात्र चर्चच्या महिला मंडळाने एक उपक्रम घेतला होता. पाळकांच्या पत्नीने, त्यांना सगळ्या पाळककाकू म्हणत, प्रत्येकीला नेमून दिलं होतं की आठवड्यातून एकदा तरी कुणाशी मनापासून बोलायचं. 'कशी आहेस, बरी आहे' यावर सुटका करून घ्यायची नाही. एक खरा प्रश्न विचारायचा आणि मग समोरची बोलेपर्यंत तोंड मिटून थांबायचं. काय घडलं ते गुरुवारी मंडळात सांगायचं. एकीने पोस्टमनला विचारलं होतं, "भाऊ, मनावर कसलं ओझं आहे?" तो म्हणाला, "मनावर नाही बाई, खांद्यावर आहे. इथे सही करा." मंडळ हसून लोळलं होतं. पण दुसरीची शेजारीण जिन्यात बसून तासभर रडली होती, आणि ते ऐकताना सगळ्यांनी पदर, रुमाल, काय हाताला येईल ते डोळ्यांना लावलं होतं. धाकटीकडे मात्र तीन गुरुवार सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

तिने नळ बंद केला.

"ताई, हे कपाट नेहमी लागतं का?"

धाकटीने तिच्या खांद्यांभोवती टॉवेल गुंडाळला, तिला खुर्चीत आणून बसवलं, कंगवा हातात घेतला आणि तशीच उभी राहिली. थांबणं एवढं अवघड असेल असं तिला वाटलं नव्हतं. जिभेच्या टोकाशी दहा गोष्टी येत होत्या, सगळ्या धीराच्या.

"आधी नुसता आवाज चढायचा," थोरली आरशाकडे बघत म्हणाली. "मग हात उठायला लागला. तुझे भावोजी रविवारी दानाची थाळी फिरवतात ना, त्याच हाताने. कोणाला खरं वाटेल सांग?"

"मला वाटतंय."

थोरलीने पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग भराभर सांगून टाकलं. ती दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसायची. तिथूनच दोन गल्ल्या पलीकडे तिने एक खोली ठरवली होती. लेकीची परीक्षा संपली की त्याच दुपारी दोघी तिकडे जाणार होत्या. तीन आठवडे राहिले होते.

"माझ्या आईलाही माहीत नाही. आणि तुझ्या नवऱ्याला तर अजिबात कळता कामा नये. भाऊ आहे तो त्याचा."

"कुणालाच नाही, ताई." धाकटीने कंगवा खाली ठेवला. "प्रार्थना करू?"

"कर. पण देवाला ऐकू जाईल एवढीच. मालकीण येईल."

धाकटी वाकली. थोरलीच्या केसांतलं पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. तिने काय मागितलं ते तिला नंतर आठवेना, पण आमेन दोघींच्या तोंडून एकदमच आलं. जाताना थोरलीने झोपलेल्या बाळाच्या तळपायाचा पापा घेतला. "काय गं," ती दारातून म्हणाली, "सहा वर्षं कुठे होतीस?"

तेवढ्या एका वाक्यावर धाकटी दोन दिवस तरंगत होती.

गुरुवारी सांगायची तिची पाळी आली तेव्हा तिने गोष्ट सांगितली नाही. थोरली रात्रपाळी करून दुपारी झोपायची म्हणून त्या महिन्यात मंडळात येत नव्हती, तरीही नाही. तिने फक्त प्रार्थनेचा विषय दिला.

"नाव घेत नाही," ती म्हणाली. "माझ्या अगदी जवळची एक बहीण आहे. तिला धैर्य मिळावं म्हणून आपण प्रार्थना करू या."

"आजारपण आहे का?" एकीने हळूच विचारलं.

"नाही. घरातलं आहे."

"नवऱ्याचं?"

धाकटीने मान डोलावली.

"अरेरे. लेकरं आहेत?"

"एक मुलगी."

"मग सहन करतेय बिचारी, की..." विचारणारीने वाक्य तसंच सोडलं आणि थांबली. आता सगळ्याच थांबल्या होत्या, शिकवल्याप्रमाणे, माना किंचित कलत्या करून. इतक्या प्रेमाने धाकटीचं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

"परीक्षा झाली की निघणार आहे ती," ती म्हणाली.

पाळककाकूंनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "याला म्हणतात संभाषण," त्या म्हणाल्या. मग सगळ्यांनी त्या निनावी बहिणीसाठी गुडघे टेकले.

शनिवारी संध्याकाळी पाळकसाहेब आणि पाळककाकू थोरलीच्या घरी जाऊन बसले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. तुटणारं घर सांधायला ते गेले होते. त्यांनी नवरा-बायकोला समोरासमोर बसवलं आणि थोरलीला म्हणाले, तू निघायचं ठरवलंयस हे याला आमच्यासमोर सांग, म्हणजे याच्या मनाला जाग येईल. आली. थोरले दीर ओक्साबोक्शी रडले. त्यांनी बायकोचे पाय धरले. पाळकसाहेबांनी सुचवलं, काही दिवस दोघांनी जास्तीत जास्त बरोबर राहावं. तेव्हापासून दीर तिला दवाखान्यात सोडतात आणि सुटायच्या आधीच फाटकाशी उभे राहतात. तिची रात्रपाळी त्यांनीच बदलून सकाळची करून घेतली. खोलीवाल्यालाही त्यांनीच फोन करून नको म्हणून सांगितलं.

हे सगळं धाकटीला नवऱ्याने सांगितलं. "दादाला मानलं पाहिजे," तो म्हणाला. "एवढ्या मोठ्या माणसाने पाय धरायचे म्हणजे!"

धाकटीने थोरलीला सात फोन केले. एकही उचलला गेला नाही.

पुढच्या गुरुवारी थोरली मंडळात आली. तिच्या रिकाम्या दुपारी आता मंडळासाठी होत्या. दीर बाहेर गाडीत बसले. पाळककाकूंनी दोन शब्द बोलायला सांगितल्यावर ती उभी राहिली.

"प्रभूची कृपा आहे," ती म्हणाली. "आमचं घर वाचलं. तुम्ही सगळ्यांनी प्रार्थना केलीत, म्हणून."

आमेन जोरात झालं. मग सगळ्यांनी डोळे मिटून माना खाली घातल्या. धाकटीला डोळे मिटवेनात. समोरच्याच खुर्चीवर थोरलीचं वाकलेलं डोकं होतं. भांग उजवीकडून काढलेला. सहा वर्षांत तो कधी उजवीकडे नव्हता. ते केस तिकडे राहायचेच नाहीत. आताही राहत नव्हते. तीन-चार पिना खुपसून त्यांना ओढून बसवलं होतं, कपाळाच्या वरच्या कोपऱ्यावर.

चहाच्या वेळी धाकटी बाळाला कडेवर घेऊन तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली.

"ताई, मी नाव घेतलं नव्हतं गं."

"नाव कशाला लागतंय?" थोरली बशीत चहा ओतत शांतपणे म्हणाली. "जावा किती आहेत तुला?"

"मला वाटलं, सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली तर..."

"केलीत की."

"ताई, बोल ना माझ्याशी. शिव्या घाल. काहीही बोल."

थोरलीने बशी ओठांना लावली, रिकामी केली. मग बाळाकडे वळून हसली, अगदी पूर्वीसारखी.

"दात आले का गं याला? गाल लाल दिसतायत. रात्रीचा रडतो का?"

"ताई..."

"खालचे दोन आधी येतात. गाजर द्यायचं थंड करून चघळायला. माझीला तसंच दिलं होतं." तिचा आवाज पलीकडच्या बायकांनाही ऐकू जाईल एवढा होता. "आणि लाळ गळते तर गळ्यापाशी कोरडं ठेव बरं, पुरळ येतं."

बाहेर हॉर्न वाजला. लगेच दुसऱ्यांदा. थोरलीने अर्धा भरलेला कप टेबलावर ठेवला, पर्स उचलली, सगळ्यांना हात जोडले आणि निघून गेली.

पाळककाकू जवळ आल्या. त्यांनी धाकटीच्या पाठीवर हात ठेवला.

"बरं वाटलं दोघींना असं बोलताना बघून. काय म्हणत होती?"

"बाळाच्या दातांबद्दल."

"बास? मनातलं काही नाही?"

"नाही."

मान किंचित कलती करून, डोळ्यांत माया घेऊन पाळककाकू थांबून राहिल्या. धाकटीने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं, थोरलीचा उष्टा कप उचलला आणि विसळायला आत नेला.