एकोणीस बायांचा खुलासा

हे फोटोचं खूळ ज्यानं कुणी काढलं, त्याला एकदा शेवरीच्या धरणाखाली फावडं देऊन उभं करायला पाहिजे, असं बबिताला पहिल्याच दिवशी वाटलं होतं. चौदाव्या दिवशी तिला वाटलं, नुसतं उभं करून भागायचं नाही, गाळातही उतरवायला पाहिजे.

बबिता शेवरीची सून. बारावी झालेली, म्हणून रोजगार हमीच्या कामावर तिला मेट केलं होतं. मेटनं बायांना कामावर आणायचं, काम नेमून द्यायचं आणि दिवसातून दोनदा सरकारी ॲपवर सगळ्यांचा फोटो चढवायचा. फोटो चढला तर हजेरी. नाही चढला, तर त्या बाईनं दिवसभर डोंगर उपसला असला तरी सरकारच्या लेखी ती घरी झोपलेली. पूर्वी वहीत नाव लिहिलं की भागायचं. पण त्या वहीत मेलेली माणसंसुद्धा माती उपसायला लागली, म्हणून वही बंद झाली आणि जित्या माणसांच्या मागं कॅमेरा लागला.

यंदा पाऊस वेड्यासारखा पडला आणि धरणातून निघणाऱ्या कालव्याचं तोंड गाळानं बुजलं. ते मोकळं करायचं काम गावाला मिळालं. दसरा झाल्या झाल्या बबिता घरोघर फिरली आणि सगळ्यांत आधी गेली ती झुंबरबाईकडं.

झुंबरबाई शेजारीण. नात्याची नव्हे, पण बबिता तिला मावशी म्हणायची. झुंबरबाई, तिचा नवरा मुंजाजी, मुलगा आणि सून पंकजा, असं सगळं घर दरसाल दिवाळी सरली की कुलूप लावून ऊसतोडीला जायचं. मागच्या हंगामात पंकजा फडावरच बाळंत झाली, पाचटाच्या कोपीत. दवाखाना लांब, आणि ट्रॅक्टर ऊस घेऊन कारखान्यावर गेलेला. पोरगी सहा दिवस जगली. आता पंकजाला पुन्हा सातवा लागला होता.

"मावशी, यंदा जाऊ नका," बबिता म्हणाली. "चौदा दिवस कालव्याचं काम हाय. ह्याची हजेरी भरली की लगीच शेततळ्याचं काम सुटतंय. संक्रांतीपोतर गावातच पुरतंय. पंकजाचं बाळंतपण घरात होऊ द्या."

झुंबरबाईनं तिच्याकडं रोखून पाहिलं. "शब्द देतीस?"

"देते की."

झुंबरबाईनं त्याच दिवशी मुकादमाला निरोप धाडला, आमचं यंदा जमायचं न्हाई. तिचं बघून आणखी सात घरं थांबली. बबिताला त्या रात्री अभिमान वाटला. पुढं जे झालं ते माहीत असतं तर तिनं जीभ चावली असती.

सोमवारी सकाळी एकोणीस बाया फावडी-घमेली घेऊन कालव्याच्या तोंडाशी ओळीनं उभ्या राहिल्या. पंकजानं वाकायचं नाही, फक्त पाणी पाजायचं, असं ठरलं होतं. ती एकोणिसावी, कळशी घेऊन कडेला उभी. बबितानं मोबाईल उचलला आणि धरणाच्या भिंतीवरून शिट्टी वाजली.

शिट्टीमागोमाग पहारेकरी धावत आला. योगीराज त्याचं नाव, पूर्णेकडचा, कुठल्याशा एजन्सीनं नेमलेला. "फोटो न्हाई काढायचा! बोर्ड दिसंना का तुमाला?"

बोर्ड होता, बाभळीत निम्मा झाकलेला. प्रतिबंधित क्षेत्र, छायाचित्रण केल्यास कारवाई. गंजून गंजून त्याची अक्षरं उडाली होती आणि इतकी वर्षं त्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं. उन्हाळ्यात सरहद्दीवर गडबड झाली, वरून कागद आला आणि बोर्डाला जीव आला.

"भाऊ, मी धरणाचा फोटो घेईना. बायांचा घ्यायलेय. हजेरी हाय त्यांची."

"बायांच्या मागं काय हाय? धरणच ना?"

"मंग बायांना फिरवते. मागं बाभळी येतील."

"तोंडं कुठंबी करा. पाचशे मीटरच्या आत मोबाईल वर धरायचा न्हाई. आर्डर हाय ताई. माझी नोकरी जाईल."

बबितानं बायांना घेऊन पाचशे मीटर पायपीट केली, पार गावाकडच्या लिंबापर्यंत. तिथं फोटो घेतला तर ॲप म्हणालं, आपण कामाच्या ठिकाणी नाही. कामाचं ठिकाण म्हणून तालुक्याच्या साहेबानं नकाशावर जो ठिपका ठेवला होता तो बरोबर कालव्याच्या तोंडावर. ॲपला तिथलाच फोटो पाहिजे आणि योगीराज तिथंच फोटो काढू देईना.

"आई जेवू घालीना अन् बाप भीक मागू देईना," झुंबरबाई म्हणाली, तिनं पदर खोचला आणि ती परत जाऊन गाळात उतरली.

गावातला रोजगार सेवक लिंबाजी म्हणाला, काम थांबवू नका, परवानगी काढू. थांबवलं असतं तर काम रद्दच झालं असतं, म्हणून बाया खपत राहिल्या आणि बबिता सकाळी काम नेमून देऊन एसटीनं हिंडत राहिली. तालुक्याचं ऑफिस म्हणालं, धरण आमच्याकडं नाही, धरणवाल्यांना विचारा. धरणवाले म्हणाले, सुरक्षेचा विषय आहे, पोलिसांचं ना हरकत आणा. पोलीस म्हणाले, आधी धरणवाल्यांचं पत्र आणा. अर्जावर अर्ज, झेरॉक्सवर झेरॉक्स. शेवटी ठाण्यातल्या जमादारानं चहाचा घोट घेत विचारलं, "पण बाई, तुमाला धरणाचा फोटो पाहिजे कशाला?"

बबितानं पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं.

"मंग बायांचा फोटो घरीच घ्या की," जमादार म्हणाला. बबिताला अर्ज तिथंच टराटरा फाडावासा वाटला. पण त्यावर शिक्का होता आणि शिक्क्यासाठी ती दोन तास उभी राहिली होती, म्हणून तिनं तो घडी करून पिशवीत ठेवला.

आठव्या दिवशी दुपारी भाकरी खाताना झुंबरबाईचं लक्ष वर गेलं. धरणाच्या पायथ्याला खांब होता आणि खांबावर पांढरा डबा, बायांकडं तोंड केलेला. "योगीराज, ते काय हाय रं?"

"कॅमेरा हाय मावशी. साहेब ऑफिसात बसून बघतेत. रात्रंदिवस चालू असतोय."

बबिताचा घास हातातच राहिला. "म्हंजे त्यात आमी दिसताव?"

"दिसता की. रोज दिसता."

"तारीख, वेळ समदं येतंय?"

"मिनिटासकट."

"भाऊ, मंग त्यातला रोजचा एक फोटो काढून द्या ना आमाला! तालुक्याला दाखवते. तुमचाच कॅमेरा, तुमचाच फोटो."

योगीराज हसला, पण ओशाळून हसला. "ते भाएर देता येत न्हाई ताई. सुरक्षेचं हाय."

बबितानं उरलेली भाकरी फडक्यात बांधली. रडू येत होतं आणि रडायची लाज वाटत होती. चौदा दिवस धरण आपल्याला टक लावून बघणार आणि कुणी विचारलं तर, मी कुणाला पाहिलंच नाही, म्हणणार, असं तिच्या मनात आलं.

अकराव्या दिवशी तिचा धीर सुटला. पदराआडून मोबाईल काढून तिनं घाईघाईनं फोटो घेतला. आठच बाया आल्या, त्यातल्या दोघींची पाठ. तोवर योगीराज खाली आला होता. त्यानं मोबाईल मागून घेतला, फोटो पुसला, रजिस्टरला नाव लिहिलं. "वरून फोन आलाय मला," तो खाली बघत म्हणाला. "माझ्या मनाचं काय चालतंय?"

चौदाव्या दिवशी कालव्याचं तोंड इतकं लख्ख झालं की तळाची फरशी मोजून घ्यावी. आणि त्याच संध्याकाळी ॲपवर मस्टर बंद झालं. हजर मजूर, शून्य. शेततळ्याच्या कामावर लिंबाजीनं बोट ठेवून दाखवलं, आधीच्या कामाची हजेरी नाही, म्हणून मंजुरी नाही.

दिवाळी झाली आणि पाणी सोडायची पूजा झाली. साहेब आले, पुढारी आले, नारळ फुटला. झाडून सगळ्यांनी मोबाईल काढले. भिंत, दरवाजे, उसळणारं पाणी, फेटे बांधलेले साहेब, सगळं त्याच दुपारी गावाच्या व्हॉट्सॲपवर आलं. एका फोटोत योगीराज नारळाचं ताट धरून उभा होता, आणि त्याच्या मागं तोच बोर्ड. कुणीतरी बाभळ तोडून तो मोकळा केला होता.

दुसऱ्या दिवशी बबिताला धरणवाल्यांची नोटीस आली.

प्रतिबंधित क्षेत्रात वारंवार प्रवेश करून छायाचित्रण केल्याचे निदर्शनास आले आहे. सोबत पुरावा जोडला आहे. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. पुरावा म्हणून रंगीत फोटो जोडला होता, भल्या मोठ्या कागदावर. खांबावरच्या कॅमेऱ्याचा. कोपऱ्यात तारीख, वेळ मिनिटासकट. खाली कालव्यात एकोणीस बाया, एकूण एक. झुंबरबाई फावडं उचललेली. पंकजा कडेला, एक हात कळशीवर, एक पोटावर. काठावर पाठमोरी बबिता, पदराआडून मोबाईल धरलेला.

बबिता ओट्यावर मटकन बसली. चौदा दिवस जो फोटो मागून मागून तोंड दुखलं, तो फोटो असा घरपोच आला होता.

लिंबाजीनं नोटीस दोनदा वाचली आणि आवाज खाली घेतला. "हे बघ, अशा टायमाला शहाणपणा करायचा न्हाई. लिव्ह की फोटोतल्या बाया आमच्या न्हाईत, मी तिथं नव्हते. तोंडं बारीक दिसायलेत, रजिस्टरला तुझी सही न्हाई, कुणाला कळतंय? न्हाई तर केस होईल. तू अंगणवाडीच्या जागेला अर्ज केलायस. पोलिसाचा दाखला लागतोय त्याला."

"आन ह्यो फोटो तालुक्याला हजेरी म्हणून दाखवला तर?"

"ॲपमधला न्हाई ना तो. चालंल का न्हाई, कुणी सांगावं? पण दाखवलास तर तू तिथं होतीस हे कबूल झालं."

बबिता घरी आली आणि कागद घेऊन बसली. मी तिथं नव्हते, एवढंच लिहायचं होतं. तीन शब्द. तिनं पेन टेकवलं आणि बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला.

मुकादम आला होता. थांबलेली आठही घरं निघाली होती. थांबून काय खायचं, हा प्रश्न त्यांनी बबिताला विचारला नव्हता, हेच तिला जास्त लागलं. ट्रकमध्ये गोधड्यांच्या ढिगावर पंकजा बसली होती. झुंबरबाई खालून तिला उशी देत होती.

मुंजाजी म्हणाला, "चला, उशीर व्हायलाय." बबिता आत पळाली. दहा मिनिटांनी ती बाहेर आली ती कागद आणि शाईचं पॅड घेऊन, आणि सरळ ट्रकच्या पुढं उभी राहिली.

"आता कशाला गं?" झुंबरबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बबिताला बरं वाटलं असतं.

"मावशी, मी शब्द दिला आन तो खोटा पडला. तुमाला तोंड दाखवायला मला जागा न्हाई. पण एवढं ऐका." आणि तिनं भर रस्त्यात मोठ्यानं वाचलं. "खुलासा. होय, आम्ही तिथे होतो. फोटोतल्या बाया आमच्याच आहेत. चौदा दिवस रोज सकाळी आठपासून आम्ही कालव्याचा गाळ काढत होतो. फोटो मी घेतला, कारण हजेरी लावायची दुसरी सोय नव्हती. आमची नावं खालीलप्रमाणे."

झुंबरबाईनं विचारलं, "असं लिव्हल्यावर तुला धरतेल का गं?"

"धरू द्या."

"म्हंजे कामाला हजेरी लागली न्हाई, आन गुन्ह्याला लागली," झुंबरबाई म्हणाली आणि तिनं अंगठा पुढं केला. पंकजानं ट्रकवरूनच कागद मागून घेतला आणि गुडघ्यावर ठेवून सावकाश सही केली. मग एकेक करून ट्रकमधल्या बाया वाकल्या, आणि गावात राहणाऱ्या घरातून बाहेर आल्या. मुकादम घड्याळ बघत राहिला, पण हॉर्न त्यानं पुन्हा वाजवला नाही.

"त्या फोटोची एक झेरॉक्स काढून ठेव माय," चढताना झुंबरबाई म्हणाली. "पंकजा छान आलीय त्यात."

ट्रक मानवतच्या रस्त्याला लागला. बबितानं कागद पाराच्या कट्ट्यावर धरला आणि निशाण्या मोजल्या. एकोणीस. खाली तिनं आपली सही केली, तारीख घातली आणि पुढं वेळही लिहिली, मिनिटासकट.