अशी बोट नाही

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. रत्नागिरीच्या बंदरावर मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत बसतो. मला मोडीत न काढण्यात अध्यक्ष रावजींचा फायदा सरळ होता. माझ्या कपाळावर 'रावजींच्या सौजन्याने' अशी पट्टी आहे. मी गेलो की पट्टी गेली! म्हणून मी राहिलो, आणि माझ्या पोटातला म्हातारा ब्राउझरही राहिला.

उमेदीच्या काळात बर्फाचा नि डिझेलचा हिशेब मी चोख ठेवला. दहावीचा निकाल बघायला पोरं माझ्यापुढे रांग लावत. पुढे प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि माझ्यावर धूळ.

मग लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत काम करणाऱ्या निहारने सोसायटीसाठी इंटरनेटवर एक पान बनवलं. पानाच्या पत्त्याच्या शेवटी बोटीचं नाव लिहा, बोट कुठे आहे ते नकाशावर दिसेल. नाव मात्र बोटीवर रंगवलंय तसं मराठीतच हवं, हा रावजींचा हट्ट. सभेने टाळ्या वाजवल्या. मला कुणी विचारलं नाही.

परवा दुपारी वारा फिरला. सगळ्या बोटी परतल्या, रघू तांडेलाची 'गंगा' तेवढी नाही. वायरलेस गप्प. रघूची बायको सत्यवती मासळीची पाटी टाकून धावत आली. रावजींचा फोन साधा, म्हणून त्यांनी माझ्यावरच नाव लिहिलं आणि मी उत्तर दाखवलं : अशी बोट नाही.

"नाय म्हंजे? बुडली?"

रावजींनी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. माझा पंखा धडधडू लागला. सांगत मीच होतो, पण खरं की खोटं ते मलाच ठाऊक नव्हतं.

रावजींनी स्पीकर लावून निहारला फोन केला. तो सत्यवतीचा भाचा.

"मावशी, माझ्या फोनवर दिसतेय की! इथल्याच काळबादेवीच्या किनाऱ्याला, आडोशाला उभी आहे."

"मेल्या, मी रडेन म्हणून गोड बोलतोस? ही पेटी नाय म्हणते!"

तिचा विश्वास माझ्यावर! मित्रांनो, मला खरी धडकी तेव्हा भरली.

निहारने पलीकडे काय पोचतंय ते तपासलं. नवे ब्राउझर प्रत्येक मराठी अक्षर टक्क्याच्या खुणा, इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांत बदलून पाठवतात. माझ्या म्हाताऱ्याला ते जमेना. त्याने नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं धाडली होती. त्या नावाची बोट कुठून असणार?

"काका, सांगतो तसं दाबा. टक्का, ई, शून्य. टक्का, ए, चार..."

"बोटीचं नाव आहे की सावकाराचं व्याज?"

"दाबा हो!"

एकदा चुकलं, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी नकाशावर एक ठिपका उमटला. सत्यवतीने आपलं ओलं बोट त्यावर टेकवलं.

मित्रांनो, नवं काही बनवलंत तर एकदा आम्हा जुन्यांवरही उघडून बघा. आमचं चुकलं की ते आम्हाला कळतही नाही, आणि आम्ही ठामपणे सांगत राहतो.

रघू संध्याकाळी आला. आडोशाला चहा पीत बसला होता म्हणे! निहारने पान दुरुस्त करून शाबासकी मिळवली, रावजींनी त्यावर भाषण ठोकलं, मला नवा ब्राउझर मिळाला. किंमत मोजली ती सत्यवतीने. रघू सुखरूप परतला तर मासळी सोडेन, असा शब्द त्या भीतीत तिने भगवतीदेवीला दिला होता. आता वर्षभर ती सुरमई विकणार, घरच्यांना तळून वाढणार, आणि स्वतः आमटीभात खाणार.