तुडवलेली बाजू

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. हॉस्पिटलच्या मागच्या बागेची माळीण मी. अकरा वर्षं या बागेत काढली आणि त्यातली दहा वर्षं मातीला शिव्या घालण्यात गेली. काळी, जड, चिकट माती. पाऊस पडला की तीन-तीन दिवस पाणी जागचं हलायचं नाही. ऊन पडलं की तीच माती अशी आवळायची की कुदळ मारली तर मनगटापर्यंत झिणझिण्या याव्यात. गुलाब लावले, मुळं कुजली. जास्वंद लावली, तिचीही तीच गत. वरच्या वॉर्डांच्या खिडक्या बागेवर उघडतात. डास आत येतात म्हणून मेट्रनबाईंनी तक्रार केली आणि वरून हुकूम निघाला की बाग बुजवा, काँक्रीट घाला, गाड्या लावायला जागा होईल.

बाग गेली की माझं काम गेलं. त्याचंही एवढं काही नाही, हातपाय धड आहेत, कुठेही राबेन. पण कामाबरोबर बागेच्या टोकाची माळ्याची खोली जाणार होती, आणि त्या खोलीत माझ्याबरोबर आप्पा राहतात. आप्पा म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं कुंभारकाम केलं. आता हात थरथरतात, म्हणून चाक बंद झालं. खोली गेली असती तर त्यांना दादाकडे पाठवावं लागलं असतं. दादा, माझा थोरला भाऊ, रात्रभराच्या प्रवासावर राहतो, सहाव्या मजल्यावर. माणूस वाईट नाही, वहिनीही प्रेमळ आहे, पण तिथे दार उघडलं की समोर दुसऱ्याचं दार. मागे एकदा पंधरा दिवस आप्पांना नेलं होतं. परत आले ते अर्धे होऊन. दिवसभर खुर्चीत बसून करू काय, म्हणाले, पायाखाली माती नाही तिथे.

म्हणून मी हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेर दोन दिवस ठाण मांडलं आणि महिन्याची मुदत पदरात पाडून घेतली. बांधकाम बघणारे इंजिनियर साहेब सरळ माणूस, गोड बोलणं नाही आणि खोटंही नाही. ते म्हणाले, "महिन्यानंतर येईन. एक फूट खोल खड्डा खणायचा, काठोकाठ पाणी भरायचं. तासाभरात निम्म्याच्या खाली गेलं तर बाग राहील. नाही गेलं तर सोमवारपासून काँक्रीट."

"खड्डा कुठे खणायचा?" मी विचारलं.

"ते मी ठरवणार," ते म्हणाले. बरोबरच आहे, मीही तेच केलं असतं.

मातीची पुडी घेऊन मी माती तपासणाऱ्या बाईंकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न केला, "या बागेत कसलं पाणी सोडता?" मी सांगितलं की हॉस्पिटलच्या लाँड्रीचं पाणी वर्षानुवर्षं बागेतूनच वाहतं. बाईंनी कपाळाला हात लावला. "धुण्याचा सोडा पाजताय तुम्ही मातीला. सोड्यातलं सोडियम मातीत मुरलंय. त्यानं मातीचे कण एकमेकांना धरूनच राहत नाहीत, पाण्यात पीठ होतात आणि सगळी भोकं बुजवतात. जिप्सम घाला. त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकून लावेल, मग कण पुन्हा गोळा होतील, मधे फटी राहतील, पाणी खाली जाईल."

माझा विश्वास बसेना, तेव्हा त्यांनी दोन बरण्यांत पावसाचं पाणी घेतलं, दोन्हींत माझी माती ढवळली आणि एकीत चमचाभर जिप्सम टाकलं. त्या बरण्या मी घरी आणून खिडकीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी एक बरणी दुधाच्या चहासारखी गढूळ होती. दुसरीत माती तळाशी आणि वर स्वच्छ पाणी. आप्पांनी ती बरणी हातात घेतली, थरथरत्या हातानंही पाणी गढूळ होऊ न देता, आणि बराच वेळ बघत राहिले. "आयुष्य मातीत गेलं," ते म्हणाले, "पण हिची ही खोड मला कळली नव्हती."

मग मी कामाला लागले. आधी लाँड्रीचं पाणी पाइपानं गटारात काढलं. त्यासाठी प्लंबरच्या इतक्या विनवण्या केल्या की सख्ख्या जावयाच्याही कुणी करत नसेल. मग जिप्समची पांढरी भुकटी बागभर पसरली. बाईंनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, माती ओली असताना तिला हात लावायचा नाही. वाफसा आला, म्हणजे मूठ दाबली की गोळा व्हावा आणि बोटानं टोचला की फुटावा, की मगच हलक्या हातानं खणायचं. दुसरं, तिच्यावर चालायचं नाही. आता कुठे उघडणाऱ्या फटी पायानं मिटतात. म्हणून मी बागेच्या मधोमध फळ्यांची वाट टाकली. फळ्यांच्या एका अंगाला भिंतीकडची बाजू, दुसऱ्या अंगाला खोलीकडची. मी फळीवरूनच खणायचे, फळीवरूनच पाणी सोडायचे. स्टोअरकीपर येताजाता विचारायचा, "काय माळीणबाई, मातीला पावडर लावून सासरी पाठवणार का?" मी म्हणायचे, आधी तुझ्या डोक्यात खणून बघू का.

पंचविसाव्या दिवशी मी पाइपानं पाणी सोडलं आणि ते माझ्या डोळ्यांदेखत खाली गेलं. दोन्ही बाजूंना. मी फळीवर उकिडवी बसून राहिले. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी थोडं जिप्सम कमी पडलं म्हणून मी सकाळीच आणायला गेले. दुकान लांब, त्यात बस चुकली. परतायला दुपार टळली. फाटकातून आत आले आणि समोर आप्पा दिसले.

पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळलेला. पोटऱ्यांपर्यंत चिखल. खोलीकडच्या बाजूला त्यांनी पाइप सोडला होता आणि ती माती ते पायांनी तुडवत होते. मधून सुरुवात करून गोल गोल बाहेर, टाचेनं दाबत, बोटांनी ओढत. कुंभार माती मळतात तशी. सहा पावलं रुंद आणि पंधरा पावलं लांब पट्टा त्यांनी सकाळपासून तुडवून काढला होता, आणि तो पट्टा लोण्यासारखा गुळगुळीत झाला होता.

मला बघून ते हसले. "ढेकळं राहिली होती गं. तुझी भुकटी नुसती वरवर होती. तुडवल्याशिवाय एकजीव कशी होणार? ती बाजू उद्या करतो."

चाळीस वर्षं मातीत राख मिसळायची तर पायांनी, वाळू मिसळायची तर पायांनी. त्यांच्या हिशेबी, त्यांना सगळ्यात चांगलं जे येतं तेच ते मला करून देत होते. हे आज कळतं. तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली गोणी मी तिथेच आपटली.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला? सांगितलं नव्हतं का पाय टाकायचा नाही म्हणून?"

"अगं, कोरड्यात नाही टाकला. ओली केली ना आधी," ते म्हणाले.

"ओलीतच तर टाकायचा नव्हता. पंचवीस दिवस गेले माझे. आता जमिनीची फरशी केलीत तुम्ही. हात गेले होते, आता डोकंही गेलं का? जा दादाकडे. तिथे तुडवायला काही नाही, सगळ्यांच्या जिवाला शांतता."

हे मी बोलले. बापाला, आणि तेही इतक्या मोठ्यानं की वरच्या वॉर्डातली एक खिडकी उघडली. आप्पांनी नळावर पाय धुतले, बोटांच्या बेचक्यांतली माती नीट काढली आणि आत जाऊन खाटेवर बसले.

पाच दिवस उरले होते. ओल्या मातीला हात लावायची सोय नव्हती, म्हणून आधी वाळायची वाट बघितली. दुसऱ्या दिवशी तळपायाचे ठसे तसेच. तिसऱ्या दिवशी वरून साय धरली आणि तडे गेले, पण बोट घातलं तर खाली चिखलच. वाफसा काही येईना. चौथ्या दिवशी माझा धीर सुटला. मी जिप्सम पसरून खणायला घेतलं, तर मातीच्या लाद्या निघाल्या, चुरा होईना. तांब्याभर पाणी ओतून बघितलं. ते माझ्याकडे बघत तिथेच बसलं.

आप्पा जेवत होते, झोपत होते, पण उंबऱ्याबाहेर पाय टाकत नव्हते. मी वाढायचे, ते खायचे. माफी मागायची म्हणून दहादा जिभेवर शब्द आले आणि दहादा मी ते गिळले, कारण राग अजून पुरता निघाला नव्हता. खोटं कशाला बोलू.

शनिवारी दहाच्या ठोक्याला इंजिनियर साहेब आले. हातात मोजपट्टी, काखेत वही, मागे पहार घेतलेला माणूस आणि तमाशा बघायला स्टोअरकीपर. साहेबांनी इकडेतिकडे बघितलं आणि बुटाच्या टोकानं खूण केली, "इथे खणा."

खोलीकडची बाजू. आमच्या दारापासून चार पावलांवर.

खड्डा झाला, पाणी भरलं, साहेबांनी घड्याळ बघितलं. आप्पा दारात येऊन उभे राहिले. पाव तास झाला. पाण्यात आभाळ दिसत होतं, तसंच दिसत राहिलं. अर्धा तास झाला, पाणी बोटभर उतरलं. स्टोअरकीपरलाही विनोद सुचेना. मला एकच वाक्य बोलायचं होतं. ही बाजू बिघडलीय, तिकडे खणा. पण पुढचा प्रश्न असणार, कुणी बिघडवली? चार लोकांसमोर बापाकडे बोट दाखवायला माझी जीभ वळेना. तासाला साहेबांनी पट्टी बुडवली. दोन बोटं. त्यांनी वही उघडली.

"साहेब," आप्पा म्हणाले. पाच दिवसांनी ते उंबऱ्याबाहेर आले होते. "ही बाजू मी तुडवलीय. मी कुंभार. पोरीनं बजावलं होतं, तरी तुडवली. तिचं काम बघायचं असेल तर फळ्यांच्या पलीकडे खणा."

साहेबांनी त्यांच्या पायांकडे बघितलं, मग खड्ड्याकडे. "आजोबा, तिकडचं पाणी उतरलं तर ती बाजू बाग म्हणून राहील. पण मग गाड्यांना ही बाजू द्यावी लागेल. तुमची खोली या बाजूला आहे."

"दिसतंय मला," आप्पा म्हणाले. "तिकडे खणा."

मी म्हणाले, "साहेब, आणखी एक महिना द्या. हीही सुधारेल, मी लिहून देते."

"सोमवारी माणसं येतायत," साहेब म्हणाले. "दोन्ही घालवण्यापेक्षा एक वाचवा."

भिंतीकडे दुसरा खड्डा खणला. तिथली माती पहारेखाली भुसभुशीत फुटली, पहारेवाल्यानंही मान हलवली. पाणी भरलं आणि लगेच उतरायला लागलं. कडेच्या ओल्या रेघा एकाखाली एक उमटत होत्या. पाणी खाली जात होतं आणि मी मनातल्या मनात त्याला म्हणत होते, थांब रे बाबा, जरा थांब, सगळीच बाग गेली तर आम्ही दोघं बरोबर तरी जाऊ. मग वाटायचं, नको, जा. चाळीस मिनिटांत तळ दिसला. साहेबांनी वहीत लिहिलं, माझ्याकडे बघून म्हणाले, "चांगलं काम केलंत," आणि गेले. मेट्रनबाईंनी संध्याकाळच्या आत निरोप पाठवला की नर्सिंगच्या मुलींच्या वसतिगृहात माझ्यासाठी एक खाट ठेवलीय. एकच. पुरुषांना तिथे मज्जाव.

दादाला फोन केला. आप्पांना न्यायला उद्या येतो, म्हणाला.

मी खोलीत आले तेव्हा आप्पा खाटेवर कपड्यांच्या घड्या घालत होते. घडी काही बसत नव्हती. मी त्यांच्या पायाशी बसले.

"आप्पा, मी जे बोलले त्याची मला लाज वाटते."

"खरंच बोललीस. फरशीच केली होती मी."

"मी काम सोडते. उद्या तुमच्याबरोबर येते. तिकडे मिळेल काहीतरी."

त्यांचा हात थांबला. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नाही, तेव्हाही चढवला नाही.

"मग मी साहेबापुढे तोंड कशाला उघडलं?"

त्यांनी सदरा माझ्याकडे सरकवला. मी तो मांडीवर घेतला, बाह्या आत दुमडल्या आणि घडी घालून दिली.